मानेतलं इंजेक्शन, हृदयाचे शॉक आणि आमचे चौदा दिवस

हे लिहायला मला वर्ष लागलं. मानेत इंजेक्शन देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणता येतात, हे १४ नोव्हेंबर २०२४च्या दुपारपर्यंत आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी यांच्या हातात संमतीचा कागद होता, आणि आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून ते मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का ते शोधत होते. काहीच सापडलं नाही. आज तशाच एखाद्या बाकावर कुणी बसलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जे अंगावरून गेलं आणि नंतर विचारून विचारून जे समजलं, तेवढंच इथे आहे.

आधी थोडं मागचं सांगते. २०१९मध्ये मला हार्ट अटॅक आला. ॲसिडिटी समजून मी रात्र काढली आणि अँजिओप्लास्टी दुसऱ्या दिवशी झाली. तोवर हृदयाच्या डाव्या कप्प्याचा बराच भाग मेला होता. पंपिंग ३० टक्क्यांवर आलं. अशा हृदयात ठोक्यांचा जीवघेणा गोंधळ कधीही होऊ शकतो, म्हणून २०२१मध्ये डाव्या खांद्याच्या खाली आयसीडी बसवलं. ठोके फार वेगाने आणि वेडेवाकडे पडू लागले की हे मशीन आधी हलक्या ठोक्यांनी ताल सावरायचा प्रयत्न करतं, आणि तेवढ्याने जमलं नाही तर आतून शॉक देतं. तीन वर्षांत मला एकही शॉक बसला नव्हता. मशीन आत आहे हे मी विसरूनच गेले होते.

१२ नोव्हेंबरला मंगळवार होता, कार्तिकी एकादशी. रविवारपासून मला जुलाब होत होते. तरी उपवास सोडायचा नाही म्हणून दिवसभर चहा आणि थोडी भगर यावरच होते. संध्याकाळी पावणेआठला देवापाशी दिवा लावताना छातीत आतून कुणीतरी घण घातल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे पांढरं झालं, हातातली काडेपेटी उडाली. पडले नाही. "मशीनने शॉक दिला वाटतं," एवढं यांना सांगते आहे तोच दुसरा बसला.

आयसीडी बसवताना आम्हाला एक नियम सांगितला होता. एकच शॉक बसला आणि नंतर बरं वाटलं तर डॉक्टरांना फोन करायचा. एका दिवसात दोन किंवा जास्त बसले तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. यांना तो पाठ होता. त्यांनी १०८ला फोन केला. निघताना माझ्या पर्समधलं आयसीडीचं कार्ड त्यांनी आठवणीने घेतलं, आणि त्या कार्डाचा पुढे फार उपयोग झाला. मशीनची कंपनी आणि मॉडेल कळल्याशिवाय त्यातली नोंद वाचणारं यंत्र आणि माणूस बोलावता येत नाही. ज्यांच्या घरी आयसीडी आहे त्यांनी कार्ड फाइलीत न ठेवता रोजच्या पाकिटात ठेवावं आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्यावा.

तालुक्याच्या हॉस्पिटलात रक्त तपासलं तर पोटॅशियम २.८ निघालं. किमान ३.५ तरी लागतं, आणि माझ्यासारख्या हृदयाला डॉक्टर चारच्या वर ठेवतात. मॅग्नेशियमही कमी होतं. जुलाब, उपवास आणि रोजची लघवीची गोळी, या तिघांनी मिळून ते उतरवलं होतं. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी एकादशी धरली नसती. हृदयाच्या गोळ्या चालू असताना जुलाब लागले तर दुसऱ्याच दिवशी पोटॅशियम तपासून घ्या. साधी तपासणी आहे, काही तासांत रिपोर्ट मिळतो.

सलाइनमधून पोटॅशियम दिलं, ताल सावरणाऱ्या अमिओडॅरोन या औषधाची ड्रिप लावली. तरी सकाळपर्यंत आणखी पाच शॉक बसले. चोवीस तासांत ताल असा तीन किंवा जास्त वेळा बिघडला तर डॉक्टर त्याला 'स्टॉर्म' म्हणतात, वादळ. बुधवारी दुपारी कार्डिॲक ॲम्ब्युलन्सने पुण्याला हलवलं. चौदा हजार रुपये, आगाऊ. साडेतीन तासांच्या त्या वाटेत दोन शॉक बसले. शॉक दुखतो, पण पुढचा कधी बसेल याची वाट पाहणं त्याहून वाईट. मला झोपेची भीती वाटू लागली होती, बोलायची भीती वाटत होती, ॲम्ब्युलन्स खड्ड्यातून गेली तरी अंग आखडत होतं.

पुण्यात पहिल्या दिवशीच एक लाख अनामत भरायला सांगितली. धाकट्या भाऊजींनी चाळीस हजार घातले, उरलेले यांनी पतसंस्थेतून उचलले. त्यात यांना निवडणुकीची ड्युटी लागलेली. हे शाळेत शिक्षक आहेत, २० तारखेला मतदान होतं आणि केंद्रावर नेमणुकीचा आदेश घरी येऊन पडला होता. आयसीयूच्या दारात उभं राहून ते ड्युटी रद्द करण्याचा अर्ज लिहीत होते. अर्जासोबत हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, 'रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल आहे' असं पत्र लागलं. मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन ते पोचवलं, आणि सोमवारी, १८ तारखेला नाव वगळल्याचा कागद आला. असं पत्र लागणार असेल तर दाखल झाल्याच्या दिवशीच दोन प्रती मागून घ्या. नंतर सही करणारे डॉक्टर सापडत नाहीत.

गुरुवारी, १४ तारखेला सकाळी आयसीडीची नोंद काढली. एकूण अकरा शॉक. पोटॅशियम तोवर ४.५ झालं होतं. अमिओडॅरोन चालू होतं, झायलोकेन हे तालाचं दुसरं औषधही लावलं होतं. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाला शांत करणारं औषध, वाढवायचं म्हटलं तर माझं वरचं बीपी नव्वदच्या आसपास आणि पंप आधीच अशक्त. गुंगी देऊन व्हेंटिलेटरवर ठेवायचं, हा एक मार्ग समोर होता. त्याच्या आधी एक गोष्ट करून पाहू, असं हृदयाच्या डॉक्टरांनी यांना सांगितलं: मानेत डाव्या बाजूला स्टेलेट गँग्लिऑन ब्लॉक.

डॉक्टरांनी ते मलाही समजावून सांगितलं, आणि मला कळेल असं सांगितलं. मानेच्या मुळाशी, पहिल्या बरगडीच्या जवळ, दोन्ही बाजूंना नसांची एकेक गाठ असते. आकार चांदणीसारखा, म्हणून तिचं नाव स्टेलेट. संकटात शरीराला पळायला लावणाऱ्या ज्या सिंपथेटिक नसा, त्यांतल्या हृदयाकडे, हाताकडे आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या पुष्कळशा तिथून जातात. शॉक बसला की माणूस घाबरतो, घाबरला की या नसा हृदयाला आणखी चाबूक मारतात, त्याने ताल पुन्हा बिघडतो आणि पुन्हा शॉक बसतो. "मावशी, तुमचं हे चक्र सुरू झालंय," ते म्हणाले. "गोळ्या-इंजेक्शनं रक्तातून सगळीकडे जातात आणि बीपी पाडतात. हे औषध त्या एका गाठीपाशी द्यायचं, म्हणजे डाव्या बाजूचा चाबूक काही तास बंद."

डावीच बाजू का, असं मी विचारलं. उजव्या बाजूच्या नसांचा जोर मुख्यतः हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरवर, म्हणजे ठोक्यांच्या वेगावर असतो. डाव्या बाजूच्या नसा जास्त करून खालच्या कप्प्यांत पसरतात, आणि माझं वादळ खालच्या कप्प्यात होतं. दोन्ही बाजू शक्यतो एकाच वेळी करत नाहीत. श्वासाच्या पडद्याची नस आणि आवाजाची नस याच भागातून जातात, आणि औषध पसरून दोन्हीकडच्या नसा एकदम बधिर झाल्या तर श्वासच अडचणीत येईल.

संमतीचा कागद मराठीत होता, पण वाचून हात थरथरावेत असा. रक्तवाहिनीत सुई जाणे, रक्ताची गाठ होणे, फुप्फुसाला छिद्र पडणे, औषध रक्तात जाऊन झटके येणे, आवाज बसणे. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "करा सही. रात्री परत शॉक खाण्यापेक्षा हे बरं." दुसरी सही माझी. रक्त पातळ करणारं हेपरिन आधीच काही तास बंद केलं होतं, कारण मानेत रक्त साचलं तर श्वासनळी दाबली जाऊ शकते. तुमचं माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर शेवटची गोळी कधी घेतली ते वेळेसकट सांगा. त्यांनी आम्हाला हा प्रश्न तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला.

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पलंगावरच सुरू झालं. भुलेचे डॉक्टर आले, सोबत छोटं सोनोग्राफी मशीन. छातीवर बाहेरून शॉक देण्याचे पॅड चिकटवले. खांद्यांखाली पातळ उशी, मान थोडी मागे आणि तोंड उजवीकडे. ट्रेमध्ये दुधासारखी पांढरी बाटली दिसली. मी विचारलं तर म्हणाले, बधिर करणारं औषध चुकून रक्तात गेलं तर त्यावरचा उतारा आहे, तो जवळ ठेवूनच आम्ही हे करतो. ती बाटली समोर दिसल्याने मला धीर आला.

"बोलायचं नाही, खोकायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. काही वाटलं तर उजव्या हाताचं बोट वर करा." थंड जेली, मग प्रोबचा दाब. कातडी बधिर करायची सुई चावली, तेवढंच. त्यानंतर दुखलं असं नाही. आत खोल, खांद्याच्या पात्याकडे जाणारा एक जड दाब जाणवला. डॉक्टर थोडं औषध सोडायचे, सुईत रक्त येतंय का ते ओढून पाहायचे, मग पुन्हा थोडं. बधिर करणारं ब्युपिव्हाकेन आठ मिली, सहा-सात मिनिटं. आवंढा न गिळणं हेच सगळ्यात अवघड गेलं. आधी पाण्याने तोंड ओलं करून घ्यायला हवं होतं.

पुढचा अर्धा तास दर दोन मिनिटांनी बीपी. औषध शेजारून जाणाऱ्या व्हेगस नसेपर्यंत किंवा मानेतल्या बीपी मोजणाऱ्या जागेपर्यंत पोचलं तर बीपी एकदम वर किंवा खाली जाऊ शकतं, म्हणून ही खबरदारी. माझं ९६/६० होतं, तसंच राहिलं. नाडी ८८ होती ती ८४ झाली, जास्त नाही. शॉक थांबायचे तर नाडी खूप उतरायला हवी, असं मला वाटत होतं. पण वेगाची सूत्रं मुख्यतः उजव्या बाजूला, आणि तिला हातच लावला नव्हता.

हातात मात्र मला स्वतःला कळलं. पाच-सात मिनिटांत डावा तळवा गरम व्हायला लागला. तीन दिवस माझे दोन्ही हात बर्फासारखे होते. दोन्ही तळव्यांना तापमानाच्या पट्ट्या लावल्या होत्या: डावा ३१.४ वरून ३४.२ अंशांवर गेला, उजवा होता तिथेच राहिला. मनगटाच्या मागच्या शिरा फुगून वर आल्या. रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसा झोपल्या की वाहिन्या सैल होतात आणि हात रक्ताने भरतो. डावी नाकपुडी चोंदली, डोळा लाल झाला, पापणी अर्ध्यावर आली. पापणी पडली म्हणजे डोक्याकडच्या नसांवर औषध पोचलं, हात गरम झाला म्हणजे ते खालीही उतरलं. डॉक्टरांना दोन्ही हवं होतं, दोन्ही मिळालं. आवाज घोगरा झाला. आवाज नीट होईपर्यंत घशाचाही भरवसा नसतो, म्हणून चार तास पाणीसुद्धा नाही. नंतर पहिला घोट चमच्याने दिला.

मॉनिटरवर रुंद, वेडेवाकडे ठोके मध्येच घुसायचे. तासाभरात ते विरळ झाले. साडेसहाला सिस्टर म्हणाल्या, "मावशी, बघा, पाच मिनिटांत एकही नाही." मी बघितलं आणि दोन रात्रींनंतर झोपले.

आठ वाजता सिस्टरांची पाळी बदलली, आणि इथे जे झालं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. नव्या सिस्टरांनी टॉर्च मारून डोळे तपासले. डावी बाहुली लहान, उजवी मोठी, डावी पापणी खाली. त्यांना ब्रेन स्ट्रोक वाटला, आणि त्यांच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. धावपळ सुरू झाली, सीटी स्कॅनला न्यायचं ठरलं, यांना आत बोलावून "अर्धांगवायूची शंका आहे" असं सांगितलं. हे पलंगाचा दांडा धरून उभे राहिले. माझा आवाज इतका बसलेला की "हात हलतोय माझा" हे कुणाला ऐकू जाईना, मग मी डावा हात उचलून यांचं मनगट धरलं. दहा-बारा मिनिटांनी भुलेच्या डॉक्टरांचा फोन लागला. हे अपेक्षितच आहे, सकाळपर्यंत जाईल, ते म्हणाले. केसपेपरवर ब्लॉक दिल्याची नोंद होती, पण पापणी आणि बाहुली बदलेल हे कुणी लिहिलं नव्हतं, आणि आम्हालाही सांगितलं नव्हतं.

म्हणून ब्लॉक होण्याआधीच विचारा: चेहऱ्यावर काय दिसेल, किती तास राहील, आणि कशाला मात्र घाबरायचं? हात किंवा पाय उचलता न येणं, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं, मानेवर सूज वाढत जाणं, हे धोक्याचं. पापणी पडणं नव्हे. दुसऱ्या वेळी यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'डाव्या बाजूचा ब्लॉक दिला आहे. डावी पापणी पडणे व बाहुली लहान होणे अपेक्षित' असं लिहून, डॉक्टरांची सही घेऊन माझ्या उशाशी चिकटवलं.

दुसरी वेळ आलीच. हे औषध काही तासांचं असतं, त्याचा गुण कधी कधी औषध उतरल्यावरही टिकतो. माझा दीड दिवस टिकला. शुक्रवारी त्रिपुरी पौर्णिमेला मी मऊ भात खाल्ला, सूनबाईशी व्हिडिओवर बोलले. शनिवारी पहाटे तीनला शॉक बसला. त्या क्षणी मी खचले. ब्लॉक फसला, असंच वाटलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, "फसला नाही. जवळपास पस्तीस तास वादळ थांबलं, म्हणजे चाबूक तिथूनच बसतोय हे आपल्याला कळलं." शनिवारी दुपारी पुन्हा ब्लॉक दिला. या वेळी मला भीती वाटली नाही. पापणी जड व्हायला लागली तेव्हा हायसं वाटलं.

दरम्यान पुढचं ठरलं. ब्लॉकने वेळ मिळतो, दुखण्याचं मूळ जात नाही. माझं मूळ २०१९च्या वणात होतं: मेलेल्या भागात जे जिवंत धागे उरले आहेत त्यांतून वीज गोल गोल फिरत राहते. तो रस्ता आतून जाळायचा, म्हणजे अब्लेशन. शॉकवर शॉक बसत असताना ते करणं जास्त जोखमीचं, शांत हृदयात बरं. मंगळवारी १९ तारखेला झालं, साडेपाच तास लागले. त्याबद्दल मराठीत वाचायला मिळतं, म्हणून इथे लांबवत नाही. अब्लेशनने भागलं नाही तर छातीत दुर्बीण घालून डाव्या बाजूची तीच नसांची साखळी कायमची काढता येते, हाही पर्याय डॉक्टरांनी सांगून ठेवला. तो आजचा नाही: १९१६ साली बुखारेस्टमध्ये योनेस्को नावाच्या सर्जनने छातीत दुखणाऱ्या आणि ठोके बिघडलेल्या रुग्णाच्या डाव्या बाजूच्या याच नसा काढल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हे करून पाहिलं होतं, हे ऐकून मला बरं वाटलं.

२० तारखेला बाहेर मतदान चालू होतं आणि मी पहिल्यांदा पलंगाखाली पाय सोडून बसले. २५ला घरी सोडलं.

आता पैशांचं. एकूण बिल सात लाख बारा हजार. त्यात थ्रीडी मॅपिंगसह अब्लेशन तीन लाख चाळीस हजार, दोन ब्लॉकचे मिळून सव्वीस हजार, उरलेलं आयसीयू, औषधं, तपासण्या. ज्या उपचाराने शॉक थांबले त्याचा आकडा सगळ्यात छोटा होता. यांच्या नोकरीमुळे वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, म्हणून जानेवारीत फाइल दिली: प्रत्येक बिलावर डॉक्टरांची सही, डिस्चार्ज कार्ड, आकस्मिक दाखल झाल्याचं प्रमाणपत्र, मी यांच्यावर अवलंबून असल्याचं प्रतिज्ञापत्र. मार्चमध्ये फाइल परत आली. ब्लॉक भुलेच्या डॉक्टरांनी दिला होता, त्यामुळे बिलात तो 'पेन क्लिनिक' या मथळ्याखाली पडला होता. शेरा आला, 'वेदनाशामक उपचाराचा हृदयविकाराशी संबंध स्पष्ट करावा.' बिल वाचणाऱ्याची चूक नव्हती, बिलात तसंच लिहिलं होतं. हे पुन्हा पुण्याला गेले आणि हृदयाच्या डॉक्टरांकडून पत्र आणलं, की हा ब्लॉक वेदनेसाठी नसून जीवघेण्या व्हीटीसाठी, म्हणजे खालच्या कप्प्यातल्या वेगवान ठोक्यांसाठी, दिला. त्यात चार महिने गेले. डिस्चार्ज कार्ड हातात घेतानाच बघा, ब्लॉकच्या पुढे तो कशासाठी दिला हे लिहिलंय का. ऑगस्टमध्ये पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार मंजूर झाले.

त्या पत्रासाठी गेले तेव्हा मीही सोबत होते. बाकावर शेजारी एक रिक्षावाले दादा बसले होते. मनगट मोडल्यानंतर त्यांचा उजवा हात थंडगार, निळसर, आणि वारा लागला तरी आग व्हायची. त्यांनाही हाच ब्लॉक, उजव्या बाजूला, चौथ्यांदा. "हात तापतो आणि मग दोन दिवस बोटं उघडतात," ते सांगत होते. त्यांच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं. नाडी थोडी खाली येते, म्हणून अर्धा तास मॉनिटर लावतात, एवढंच. त्यांना हात तापायला हवा होता, मला ताल सावरायला हवा होता. सुई दोघांच्या मानेत, फक्त बाजू वेगळी. त्यांनी मला विचारलं, पापणी पडते ती नक्की वर जाते ना. मी माझी दाखवली.

१६ नोव्हेंबरच्या पहाटेनंतर आजवर शॉक नाही. आयसीडीच्या नोंदीत मे महिन्यात ताल बिघडल्याचा एक छोटा प्रसंग दिसला, मशीनने तो हलक्या ठोक्यांनी थांबवला, मला कळलंही नाही. बीटा ब्लॉकर चालू आहे, पोटॅशियम दर महिन्याला तपासते, कुठलाही उपवास धरत नाही. पुढची तपासणी जानेवारीत आहे. यांनी उशाशी चिकटवलेला तो कागद फाइलीत सगळ्यात वर ठेवलाय, आणि त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आयसीडीच्या कार्डाशेजारी आहे.